तळघरातलं ऊन

१

गाद्यांचं दुकान तळघरात होतं. वर काचसामानाचं दुकान, त्याला लागून खाली उतरणारा जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी गाढ झोपलेल्या माणसाचं चित्र असलेली पाटी. चित्रातला माणूस हुबेहूब मालकांच्या मेहुण्यासारखा दिसतो असं सगळे म्हणत, आणि मेहुणाही तसा झोपाळूच होता. खाली आलं की ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, नव्या कापडाचा वास आणि एकापुढे एक मांडलेले पलंग. खिडकी एकही नव्हती. तळघराला खिडकी असणार कुठून? हवा खेळती राहावी म्हणून छताजवळ एक पंखा बसवलेला होता, तो दिवसभर घूं घूं करत असे.

इथे विक्रीचं काम करणाऱ्या बाईला सगळे चिमणी म्हणत. अंगाने ती चांगली भरलेली होती, पण दुकान उघडल्यापासून तिची जी चिवचिव सुरू व्हायची ती कुलूप लागेपर्यंत.

"गादी हाताने दाबून बघू नका हो, ते काय कलिंगड आहे? चपला काढा, आडवे व्हा, डोळे मिटा. पाच मिनिटं मी तोंड बंद ठेवते. त्याचे वेगळे पैसे लावत नाही."

माणसं हसत, आडवी होत, आणि अर्धी माणसं गादी घेऊनच उठत. गाद्या उचलायला एक काटकुळा गडी होता, म्हणून त्याचं नाव पैलवान. चिमणीचं आणि पैलवानाचं दिवसातून दोनदा तरी भांडण व्हायचं आणि चहा मात्र एकत्र व्हायचा.

एके दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापक आले. अगदी कोपऱ्यातल्या पलंगावर ते आडवे झाले आणि बघता बघता घोरायलाच लागले. चिमणीने उठवलं नाही. जाग आल्यावर त्यांनी डोळे चोळले, बुटांची नाडी बांधायला वाकले आणि म्हणाले, "झोप झकास लागली. फक्त त्या खिडकीला पडदा लावून घ्या. ऊन थेट डोळ्यांवर येतं."

"कुठल्या खिडकीला?"

"ह्या," असं म्हणून त्यांनी वर न बघताच भिंतीकडे बोट केलं.

तिथे भिंत होती. मोकळी, पिवळट, एक खिळासुद्धा नसलेली. मुख्याध्यापकांनी चष्मा चढवून बघितलं, मग स्वतःशीच हसले आणि गादी घेऊन गेले.

२

चिमणी मावशीबरोबर राहत असे. आई ती अगदी लहान असताना गेली, तिचा चेहरासुद्धा चिमणीला नीट आठवत नव्हता. आईची थोरली बहीण म्हणजे ही मावशी. तिने चिमणीला वाढवलं, शिकवलं, वेळेला बदडलंही. मावशीची सगळी नोकरी बस स्थानकावर तिकिटाच्या खिडकीत गेली होती. "जगातलं प्रत्येक तोंड मी चौकटीतून बघितलंय," असं ती सांगायची. "माणूस कुठे निघालाय ते तो बोलायच्या आधी कळायचं मला."

निवृत्त झाल्यावर तिने स्वप्नांचे अर्थ सांगायला सुरुवात केली. शेजारपाजारच्या बायका सकाळी सकाळी तिच्याकडे स्वप्नं घेऊन येत, जशी पूर्वी माणसं सुटे पैसे घेऊन येत. त्यातले निम्मे अर्थ ती तिथल्या तिथे बनवते, हे चिमणीला पक्कं ठाऊक होतं आणि मावशीही ते नाकारत नसे.

चिमणीने मुख्याध्यापकांची गंमत सांगितली तशी मावशी हातातलं काम टाकून सरसावून बसली.

"खिडकी? अगं, खिडकीसारखं स्वप्न नाही! बंद खिडकी दिसली तर समजावं, कोणाशी तरी बोलायचं राहून गेलंय. काच फुटलेली दिसली तर नातेवाइकांत वाजणार. पडदा हलताना दिसला की घरात कार्य. आणि उघडी, ऊन येणारी खिडकी म्हणजे आपली कोणीतरी वाट बघतंय."

"आणि दार दिसलं तर?"

"दाराचं वेगळं. दारातून माणूस जातो, खिडकीतून फक्त नजर जाते. स्वप्नात खिडकी दिसते तेव्हा मन तिकडे पोचलेलं असतं, पाय मात्र इथेच."

"हे आत्ता बनवलंस ना?"

"बनवलं असलं म्हणून काय झालं, चांगलं आहे की नाही?" मावशी म्हणाली, आणि दोघी हसत बसल्या.

३

पण मुख्याध्यापक एकटे राहिले नाहीत. त्यानंतर एक नवं जोडपं आलं. दोघंही कोपऱ्यातल्या पलंगावर पडली, दोघांचाही डोळा लागला, आणि उठल्यावर खिडकीचं एक दार उघडं होतं की दोन्ही, यावरून त्यांचं तिथेच जुंपलं. "माझ्या स्वप्नातलं तू मला सांगू नकोस," असं बायको म्हणाली, तेव्हा पैलवान हसून हसून गादीवर कोसळला. मग एक शिंपी आला. तो म्हणाला की चौकट लाकडी आहे, रंग जुना आहे, आणि उंबऱ्यासारखी जी पट्टी असते खाली, ती कोपर टेकून टेकून गुळगुळीत झाली आहे. एका नर्सने सांगितलं, खिडकी सताड उघडी आहे आणि बाहेर कोणीतरी केस वाळवत उभं आहे.

विशेष म्हणजे कोणीच घाबरत नव्हतं. सगळे ताजेतवाने होऊन उठत. बाजारात बोलबाला झाला, विक्री वाढली. मालक तर इतके खूश झाले की त्यांनी पंख्याला तेल घातलं. चिमणीने मावशीचे अर्थ पाठ करून टाकले आणि गादीबरोबर ते फुकट वाटायला लागली. "खिडकी दिसली? सताड उघडी? वा! कोणीतरी वाट बघतंय तुमची. दुहेरी गादी घेऊन टाका."

मग एके दिवशी एक टॅक्सीवाला झोपून उठला, पाय खाली सोडून बसला आणि चिमणीकडे निरखून बघत म्हणाला, "ताई, तुम्ही जेवलात का?"

"हो, मघाशीच. का हो?"

"मला नाही, त्या बाईंना जाणून घ्यायचं होतं. खिडकीतल्या. म्हणाल्या, तिथे जी सारखी बडबड करते ना, ती जेवली का विचारा."

चिमणी हसली. टॅक्सीवालाही हसला, आणि त्याने उशाही घेतल्या. पण दोन दिवसांनी एक पेन्शनर बाई त्याच पलंगावरून उठल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "तू जेवलीस का गं?" आणि लगेच स्वतःच गोंधळून गेल्या, की अनोळखी मुलीशी आपण एकेरीत का बोललो.

त्या दिवशी चिमणीने त्यांना खिडकीचा अर्थ सांगितला नाही.

४

चिमणी विचार करणारी बाई होती. माणसं एकमेकांकडून ऐकून तेच स्वप्न बघतात, असं तिने ठरवलं. शेवटी जांभईसुद्धा एकाची बघून दुसऱ्याला येते. पण टॅक्सीवाला परगावचा होता, आणि पेन्शनर बाई पावसाचा आडोसा म्हणून जिना उतरल्या होत्या.

मग तिने पैलवानाला कामाला लावलं. कोपऱ्यातली गादी जिन्याजवळ आणली आणि जिन्याजवळची कोपऱ्यात टाकली. जिन्याजवळ झोपलेल्यांना काही दिसलं नाही. कोपऱ्यात झोपलेल्यांना खिडकी दिसतच राहिली.

"म्हणजे गादीत काही नाही, जागेत आहे," चिमणी म्हणाली.

"म्हणजे मी उगीच उचलाउचल केली," पैलवान म्हणाला.

"मालक, ह्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

मालक हिशोबातून डोकं न काढता म्हणाले, "माती."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"आणखी माती. तळघर आहे हे, बाई. वर रस्ता आहे आणि खाली पृथ्वी."

चिमणीने भिंतीवर टकटक करून बघितलं. भरीव आवाज आला, डोंगरावर टकटक केल्यासारखा. मग तिने सहज तळहात टेकवला आणि पटकन मागे घेतला. पुन्हा टेकवला. तळघराच्या भिंती बारा महिने गार असत, उन्हाळ्यात माणसं त्यांना पाठ लावून उभी राहत. पण पलंगाच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, भिंतीचा एक चौकोनी तुकडा ऊबदार होता. दिवसभर ऊन खाल्लेल्या दगडासारखा. तिने हात सरकवत सरकवत त्याची कड शोधली. कड अगदी सरळ होती.

"पैलवान, इथे हात लाव."

त्याने लावला. त्याचा चेहरा बदलला. मग तो म्हणाला, "पलीकडे कोणाचं तरी स्वयंपाकघर असेल."

"मातीत?"

"मग पाण्याचा पाइप असेल गरम." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तो भांडला नाही.

५

मावशीला हे कळल्यावर तिला घरात ठेवणं अशक्यच होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी, ठेवणीतली साडी नेसून, जिन्याच्या प्रत्येक पायरीला नावं ठेवत ती खाली उतरली.

"कुठे आहे ती खिडकी?"

"मावशी, तू बस नुसती. झोपू नकोस."

"गाद्यांच्या दुकानात येऊन बसू? मग तिकीट काढून बसमध्ये उभी का नाही राहत मी?"

ती आडवी झाली. मालकांनी आदराने पंखा बंद केला. दुकान एकदम शांत झालं, इतकं की वरच्या दुकानात कोणी पेला खाली ठेवला तरी ऐकू येत होता. चिमणी पलंगाच्या कडेला बसून राहिली. मावशी आधी घोरली. मग घोरणं थांबलं आणि ती हसली. झोपेत लोक अर्धवट हसतात तसं नव्हे. दारात अचानक कोणी आवडतं माणूस दिसावं आणि हसू फुटावं, तसं.

"अगं तू?" मावशी म्हणाली.

मग ती थांबली, कोणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

"हो ना. किती वर्षं झाली." पुन्हा थांबली. "जेवते गं, चांगली जेवते, बघितलंस ना कशी झालीये!" मग खळखळून हसली. "नाही, लग्नाचं नाव काढू देत नाही."

पैलवान मागे मागे सरकत जिन्यापर्यंत पोचला होता.

मग मावशीचा हात वर उठला. भिंतीच्या बाजूचा हात, कोपरापासून सरळ, आणि तिथेच अधांतरी राहिला. झोपलेल्या माणसाचा हात असा राहत नाही, तो पडतो. हा पडला नाही. तो कशावर तरी टेकल्यासारखा होता. चिमणीने वाकून बघितलं. मावशीच्या तळहाताची कातडी दोन्ही बाजूंनी दबली होती, आपला हात कोणी प्रेमाने गच्च धरल्यावर दबते तशी. बोटांच्या जागी चार खळगे, अंगठ्याच्या जागी एक.

चिमणीने मावशीला गदगदा हलवलं. हात धप्पकन पडला.

"काय गं हे!" मावशी चिडून उठली. "अर्धं बोलणं राहिलं ना माझं!"

"कोणाशी बोलत होतीस?"

मावशीने पदराने डोळे टिपले, पण तोंडावर हसू होतं. "ओळखीचं होतं कोणीतरी," ती म्हणाली.

घरी जाताना चिमणीने तिचा हात धरला. तो हात कढत होता, आणि त्याला उन्हात वाळलेल्या केसांचा वास येत होता.

६

त्यानंतर मावशी रोज यायला लागली. आज म्हणे डबा विसरलीस, उद्या म्हणे बाजारातून परस्पर आले, परवा म्हणे घरात उकडतंय. घरी ती गाणी गुणगुणायची. आरशासमोर उभी राहून केस नीट करायची, जसं काही कोणाला भेटायला जायचंय. चिमणी रागावली, तर म्हणायची, "अगं, जन्मभर लोकांना तिकिटं दिली. मला कुणी दिलं का कधी? जरा उन्हात बसते, येते परत."

"आणि परत नाही आलीस तर?"

"तुला टाकून कुठे जाणार आहे मी?" असं म्हणून ती चिमणीच्या गालाला चिमटा काढायची. चिमणीला हसू यायचं. तेच तर अवघड होतं, की मावशी इतकी आनंदात तिने कधी बघितली नव्हती. कुठल्या तोंडाने नको म्हणायचं?

शेवटी एका दुपारी चिमणी बँकेतून परत आली तर मावशी आधीच कोपऱ्यात झोपलेली होती. मालक तिच्याशेजारी उभे होते, पैलवान पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, आणि दोघांचेही चेहरे उतरले होते.

"हाका मारल्या, पाणी मारलं, उठतच नाहीत," मालक म्हणाले.

मावशीचा हात पुन्हा वर होता. पण या वेळी भिंतीला लागला होता, आणि खांदासुद्धा गादीवरून उचलला गेला होता. ती हळूहळू भिंतीच्या बाजूला सरकत होती. श्वास इतका सावकाश चालला होता की दोन श्वासांच्या मधे चिमणीचा जीव वर-खाली होत होता.

तिने चपला भिरकावल्या, पलंगावर चढली आणि मावशीचा दुसरा हात दोन्ही हातांनी धरून आडवी झाली. इतकी वर्षं गाद्या विकल्या, पण दुकानात डोळा कधी मिटला नव्हता. "मला लगेच उठवा," एवढं ती म्हणाली, आणि दिवा मालवावा तशी झोप लागली.

खिडकी होती. इतकी साधी होती की आधी चिमणीला हायसं वाटलं. रंग गेलेली चौकट, उघडी दारं, आणि ऊन. सकाळचं, कोवळं, कोणालाही हवंहवंसं वाटेल असं. खालच्या लाकडी पट्टीवर मावशी बसली होती. पाय पलीकडे सोडून, पाठ चिमणीकडे करून, आणि पाय हलवत होती. पलीकडे तिच्यासमोर कोणीतरी उभं होतं. ऊन त्या बाईच्या मागून येत होतं, त्यामुळे चेहरा काळोखात होता, फक्त मोकळ्या केसांच्या कडा पेटल्यासारख्या दिसत होत्या. दोघी हसत होत्या. एकीने वाक्य सुरू करावं आणि दुसरीने संपवावं, असं.

"मावशी, चल," चिमणी म्हणाली.

मावशी मान वळवून म्हणाली, "तू हो पुढे. मी आलेच."

आणि त्या दुसऱ्या बाईने मावशीच्या खांद्यावरून वाकून चिमणीकडे बघितलं. डोळे दिसत नव्हते, तरी ती नजर तोंडावरून फिरलेली चिमणीला कळली. भुकेल्या माणसाने ताटाकडे बघावं तशी नजर. ती बाई एक पाय उचलून खिडकीच्या पट्टीवर ठेवत होती. आतल्या बाजूला यायला.

तोंडावर गार पाणी आलं आणि चिमणी किंचाळत उठली. तांब्या रिकामा झाला होता. तिच्या हातात मावशीचा हात होता, आणि मावशीचे डोळे उघडे होते.

"उठल्या! उठल्या!" पैलवान नाचायलाच लागला.

मावशीने आधी छताकडे पाहिलं. मग ट्यूबलाइटकडे, ओल्या गादीकडे, मालकांकडे. शेवटी तिची नजर चिमणीवर येऊन थांबली. तिने दोन्ही हातांत चिमणीचा चेहरा धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"केवढी झालीस गं," ती म्हणाली.

मालक हसले. "काय मावशी, सकाळीच तर भेटलात!"

"हो, नाही का?" मावशीही हसली. "झोपेत आहे मी अजून." मग उठून बसली, केस मागे घेतले आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "इथे एकसुद्धा खिडकी नाही का?"

सगळे पोट धरून हसले. चिमणीही हसली, कारण सगळे हसत होते.

७

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातला पलंग काढून तिथे उशांचं कपाट लावलं. मालकांना फार जड गेलं, पण पैलवानाने त्यांना सांगून टाकलं की पलंग राहणार असेल तर मी राहणार नाही. कपाट सरकवण्याआधी चिमणीने भिंतीवर तळहात ठेवला. भिंत गार होती. तिने पुन्हा पुन्हा, वर-खाली, सगळीकडे हात फिरवून बघितलं. सगळी भिंत सारखीच गार होती. तिला रडू का आलं ते पैलवानाला कळलं नाही. त्याने तिला चहा आणून दिला.

दुकान चालूच राहिलं. चिमणीची चिवचिव थोडी कमी झाली, एवढंच. घरी मात्र फार छान चाललं होतं. मावशी लवकर उठायची, घर आवरायची, चिमणीचे केस विंचरून द्यायची. हे तिने लहानपणीसुद्धा फारसं केलं नव्हतं, तिला वेळच नसायचा. शेजारणी स्वप्नं घेऊन आल्या की ती हसून म्हणायची, "मला कुठे कळतंय त्यातलं?" आणि त्यांना चहा पाजून परत पाठवायची.

माणूस एवढ्या मोठ्या झोपेतून उठला की थोडा बदलणारच, असं चिमणी स्वतःला समजावत असे. वयही झालं. शिवाय कोणी आपल्यावर जास्त माया करतंय, ही काय तक्रार झाली?

एका रात्री जेवताना मात्र तिला राहवलं नाही. मावशी समोर बसून तिला भात वाढत होती. स्वतःचं ताट तिने अजून घेतलंच नव्हतं. हल्ली ती आधी चिमणीला पोटभर जेवताना बघायची आणि मगच जेवायची.

"मावशी, एक विचारू? त्या दिवशी दुकानात तू म्हणालीस, केवढी झालीस. तसं का म्हणालीस? तिथे कोण होतं? तू परत कशी आलीस?"

मावशीने पळी भांड्यात ठेवली. ती मुळीच रागावली नाही. उलट, काहीतरी आठवून तिला फार गंमत वाटल्यासारखं तिचं तोंड खुललं.

"सांगितलं होतं हो ताईने मला," ती लाडाने म्हणाली. "पोरगी गुणी आहे, पण चौकशा फार करते."

आणि तिने आणखी भात वाढला. चिमणीने एक घास घेतला, मग दुसरा. समोरची बाई हनुवटीखाली हात घेऊन, डोळे भरून तिच्याकडे बघत राहिली.